सातवा पट्टा

अपेक्षाने हेडफोन कानांवर दाबून धरला, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला, तरी तिला हवं ते ऐकू येईना. गाईंचं रवंथ थांबलं होतं. एकीचं नव्हे, सहाच्या सहा गाईंचं, आणि तेही एकाच मिनिटात.

सोमवार होता. दुपारचा एक वाजून गेला होता. सकाळच्या एसटीने ती गावाहून नागपूरला आली होती आणि बेसा भागातल्या आपल्या खोलीवर न जाता थेट प्रयोगशाळेत येऊन बसली होती. डब्यातली आईच्या हातची भाकर अजून तशीच होती. आठवडाभराची नोंद पाहायची, पुण्याच्या परिषदेसाठी दोन आलेख काढायचे आणि मग निवांत जेवायचं, असा तिचा बेत होता. बेत करायला काय जातं!

अपेक्षाचा विषय होता भीती. जंगलाच्या काठावर चरणारी गुरं कशाला भितात, किती भितात आणि त्या भीतीने त्यांच्या शरीराचं काय होतं, यावर ती चार वर्षांपासून पीएचडी करत होती. त्यासाठी तिला एक कळप हवा होता. दीड वर्ष ती गावोगाव फिरली. "तुझ्या डॉक्टरकीपायी आमच्या गाई आटल्या म्हंजे?" असं म्हणून लोकांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. शेवटी तिच्या लक्षात आलं की काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला आहे. तिचे वडील गिरिधर गेली तीस वर्षं गावची गुरं चारत होते. नरखेड तालुक्यातलं गाव, एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मध्ये बोरीचा नाला. याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

बाबांच्या चाळीस गुरांपैकी सहा गाईंच्या छातीला तिने पट्टे बांधले. पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा. गळ्यात काडेपेटीएवढं यंत्र, ते आवाज टिपायचं. दर रविवारी ती गावी जायची आणि संध्याकाळी गुरं परतल्यावर आतली कार्डं बदलून आणायची.

अडचण एकच आली, घंट्यांची. कळपात त्या याच सहा गाईंच्या गळ्यात होत्या. पहिल्या आठवड्यात त्या यंत्रांनी टिपलं ते सगळं टण टण टण. रवंथ नाही, श्वास नाही, काही नाही. मार्गदर्शक उन्मेष सर म्हणाले, घंट्या काढून टाक. अपेक्षाने ते बाबांना सांगितलं.

"घंटीबिगर ढोरकी म्हंजे डोये बांधून चालनं हाय वं," ते म्हणाले. "मी झाडाखाली डोये मिटून पडतो, पन मले सगळं दिसत राह्यते. कोन चरून राह्यली, कोन बसली, कोनाचं मन बिचकलं. ते सगळं घंटी सांगते."

"दोनच महिने, बाबा. माझं काम झालं की परत बांधू."

लेकीपुढे बापाचं काय चालतं? त्यांनी सहा कांशाच्या घंट्या काढल्या, धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या. "सांभाळून ठेव. माया बापाच्या हातच्या हाय." ते गाठोडं तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या कपाटात पडून होतं.

पट्टे एकूण सात आले होते. सातवा जादाचा. बाबांची एक जुनी रीत होती. जनावराला जे बांधायचं ते आधी आपल्या अंगावर बांधून पाहायचं. नवीन दावं आणलं की ते दिवसभर स्वतःच्या मनगटाला गुंडाळून हिंडायचे, काचतं का ते पाहायला, आणि गावातली पोरं त्यांना हसायची. त्यांनी तो सातवा पट्टा बंडीखाली छातीला बांधला. "त्याईले दोन महिने बांधून ठेवतं, मंग मीबी घालतो दोन महिने." अपेक्षा पोट धरून हसली. त्या पट्ट्याचंही कार्ड ती इमानदारीने बदलायची, नाहीतर बाबा रुसले असते. पाकिटावर तिने लिहिलं होतं, 'बाबा, गंमत'. माणसाच्या नोंदी तिच्या अभ्यासात बसत नव्हत्या. तिने ते पाकीट कधी उघडलं नाही.

आणि दोन रविवारांपूर्वी तिला तिचा शोध लागला होता. नाल्याकाठच्या मोठ्या मोहाच्या झाडाखाली बाबा दुपारी गुरं बसवायचे. तिथे तीनच्या सुमारास सहाही गाईंचे ठोके खाली यायचे. एरवी पासष्ट-सत्तर असणारे ठोके पन्नासवर. भ्यालेल्या जनावराचं काळीज धावतं, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे हळू चालणारं काळीज निवांत. सर खूश झाले. जंगलाकाठी असूनही कळपाला सर्वांत सुरक्षित वाटणारी जागा सापडली, असा सारांश लिहून तिने पुण्याला पाठवूनही दिला.

बाबांना तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "तुमच्या गाई मोहाखाली सगळ्यात सुखात असतात. दुपारी त्यांना तिथंच बसवत जा, जास्त वेळ."

"तिथंच?" बाबांनी विचारलं होतं.

"तिथंच."

"यंत्र चुकत नाही का वं?"

"यंत्र नाही चुकत, बाबा. चुकतो तो माणूस." मोठ्या ऐटीत म्हणाली होती ती. बाबांनी मान हलवली होती आणि विषय संपला होता.

आता हेडफोन कानाला लावून ती बसली होती. निवांत बसलेली गाय रवंथ करते. करकर करकर, घटकाभर थांबते, पुन्हा करकर. काल दुपारी तीनला चार मिनिटं कमी असताना सहाही गाईंची करकर बंद पडली होती. कोणी उठलं नव्हतं, हंबरलं नव्हतं, शेपटीने माशीही वारली नव्हती. ठोके पन्नासवर. सहा गाई दगड होऊन बसल्या होत्या आणि ऐकत होत्या.

तिने डोळे मिटले. हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ते. भीती दोन प्रकारची असते. संकट अंगावर आलं की काळीज धावतं, पाय पळायला लागतात. पण संकट जवळ आहे आणि अजून हललेलं नाही, तेव्हा जनावर गोठतं आणि काळीज हळू पडतं. आपला जरासाही आवाज होऊ नये, त्याचा मात्र प्रत्येक आवाज आपल्याला यावा, म्हणून. ज्या रेघेला तिने सुख म्हटलं होतं, ती सगळ्यात मोठी भीती होती. भीतीवर पीएचडी करणाऱ्या बाईला भीती ओळखता आली नव्हती.

तिने मागचे दिवस उघडले. आठवड्याच्या पहिल्या दिवशी करकर बंद होती अकरा मिनिटं. चौथ्या दिवशी एकोणीस. काल रविवारी, ती घरी आईच्या हातचं जेवून झोपली होती तेव्हा, एक्केचाळीस मिनिटं. आणखी एक गोष्ट होती. सुरुवातीला आधी थांबायची चांदी, जी नेहमी कळपाच्या कडेला बसते. गेले दोन दिवस आधी थांबत होती भिंगरी. भिंगरी बाबांच्या पायाशी बसायची.

जे काही होतं ते कडेकडेने बाबांपर्यंत आलं होतं.

आणि भिंगरीच्या गळ्यातल्या यंत्रातून, त्या सगळ्या शांततेत, एकच आवाज येत होता. बाबा भजन गुणगुणत होते. संथ, सुरात, जणू घरच्या ओट्यावर बसले आहेत. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्या घंट्यांनी त्यांना सांगितलं असतं, त्या तिच्या मागच्या कपाटात होत्या. 

एक वाजून वीस मिनिटं. गुरं मोहाखाली पोचतात अडीचला.

तिने बाबांना फोन लावला. नाल्यावर रेंज नसते हे माहीत असून तीनदा लावला. मग आईला. आई सुभद्रा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. सहाव्या रिंगला तिने उचलला.

"आई, बाबा कुठं हायेत?"

"कुठं म्हंजे? ढोराईमांगं. काहून वं, आवाज कसा येऊन राह्यला तुया?"

"आई, मोहापाशी जंगलातलं काहीतरी बसून राह्यते रोज. वाघ नाहीतर बिबट. बाबांना तिथून उठवा लागते. गावातून चार माणसं घे, काठ्या घे, एकटी अजिबात जाऊ नको."

 "गावात कोन हाय आता? सगळे संत्रा तोडाले गेले. मी चालली."

"आई, थांब! एकटी नको..."

फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर वाजत राहिला. आतापर्यंत एकाची भीती होती, आता दोघांची झाली, आणि आईला तर तिने स्वतःच तिकडे पाठवलं होतं.

उन्मेष सर दारात येऊन उभे राहिले. तिने चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अपेक्षा, आधी नीट तपासून घेऊ. यंत्र सरकलं असेल. घाबरून निष्कर्ष काढायचे नसतात."

"सर, माझा बाप बसलाय तिथे."

सर वाईट नव्हते. खिशातून फोन काढून त्यांनी वनविभागाचा नंबर शोधायला घेतला. अपेक्षाने कपाट उघडून घंट्यांचं गाठोडं पाठीवरच्या पिशवीत कोंबलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेजारच्या टेबलावर रोहित बसला होता. तो खेकड्यांवर काम करायचा, आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो किल्ली घेऊन उठला.

काटोल रोडला लागेपर्यंत दीड वाजून गेला. रोहित गाडी बरी चालवायचा, पण त्या दिवशी अपेक्षाला तो बैलगाडी हाकतोय असं वाटत होतं. रस्त्यात खड्डा आला की पाठीवरच्या पिशवीत घंट्या वाजायच्या. महिन्याभरात पहिल्यांदाच वाजत होत्या. 

"काय आहे गं पिशवीत?" रोहितने ओरडून विचारलं.

 ती मनात हिशेब करत होती. अडीचला गुरं बसतात. तीनला चार कमी असताना रवंथ थांबतं. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं, काल एक्केचाळीस. एक्केचाळीस मिनिटं एखादं जनावर नुसतं बसून काय करतं? पाहतं. गुरांना पाहतं, की गुरांमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला? आणि आज पाहून झालं असेल तर? हा विचार आला की ती तो झटकायची आणि पुढच्या खड्ड्यावर तो परत यायचा.

काटोल सुटलं तेव्हा अडीच वाजले होते. पुढे एक ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता, मागे ट्रॉलीत संत्र्याच्या क्रेट उंचच उंच रचलेल्या. रोहित हॉर्न वाजवून वाजवून थकला. ट्रॅक्टरवाल्याच्या कानात गाणी. दोन्हीकडे बाभळी, बाजूला घ्यायला जागा नाही. दोन किलोमीटर ते त्या संत्र्यांच्या मागे मुंगीच्या चालीने गेले. अपेक्षाने आयुष्यात कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दोन किलोमीटरांत तिने गावच्या मारुतीला, कोराडीच्या देवीला आणि आठवेल त्या सगळ्यांना हात जोडले. मधूनच तिला आईला फोन लावायचा होता, पण तो वाजून कोणी उचलणार नाही, या भीतीने तिने लावला नाही.

गावाबाहेर डांबर संपलं. तीन वाजून वीस मिनिटांनी रोहितने संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाडी थांबवली. तिथून पुढे पायवाट.

धुऱ्यावर आई उभी होती. एका हातात विळा, कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. ती हलत नव्हती. गाडीचा आवाज झाला तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. अपेक्षा धावत जवळ गेली, तेव्हा आईने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

"पुढं नको जाऊ," आई कुजबुजली. "त्याईनं हात केला मले. येऊ नको म्हने. अर्धा घंटा झाला, मी अशीच उभी हाय."

शंभर पावलांवर मोह होता. मोहाखाली चाळीस गुरं. काही बसलेली, काही उभी, पण सगळ्यांचे कान एकाच दिशेला. नाल्याच्या काठाला पुरुषभर उंच गवत माजलेलं होतं, तिकडे. एकही जबडा हलत नव्हता. लहानपणापासून गुरं आणि हे झाड पाहत आलेल्या अपेक्षाला तिथलं ते निश्चळपण ओळखीचं वाटेना.

बाबा बसले होते. पण कळपाच्या मध्ये नाही, आणि झाडाला टेकून तर नाहीच. ते गुरांच्या आणि गवताच्या मध्ये, गुरांकडे पाठ करून, मांडी घालून ताठ बसले होते. मांडीवर काठी आडवी. आणि ते भजन म्हणत होते. त्या शांततेत सूर इथपर्यंत येत होता.

गवतात काही दिसत नव्हतं. अपेक्षाने डोळे फाडून पाहिलं. पिवळं गवत, त्यात काळ्या सावल्यांच्या रेघा. वारा नसताना एका ठिकाणी दोन काड्या हलल्या आणि थांबल्या. ती जागा बाबांपासून किती लांब असेल? धुऱ्यावरून ते कळेना, पण लांब नव्हती.

 हाक मारावी तर बाबा दचकून वळतील. दगड मारावा तर पोचणार नाही. धावत जावं तर धावणाऱ्यावर ते झेप घेईल, की बसलेल्यावर? चार वर्षं तिने याच विषयाची पुस्तकं वाचली होती, आणि आता त्यातलं एक पानही तिला आठवत नव्हतं. मागे रोहित श्वास रोखून उभा होता. आईची बोटं तिच्या मनगटात रुतलेली.

मग तिने हळूच मनगट सोडवलं, पिशवी पुढे घेतली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. बोटं ऐकेनात. दातांनी गाठ सोडली. तीन घंट्या या हातात, तीन त्या हातात. आता हे चुकलं तर? एकदा चूक झालीच होती तिची. पण गुरं ज्याच्या मागे घरी जातात तो आवाज हा होता, आणि तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

तिने दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन घंट्या वाजवल्या.

चाळीस माना एकदम वळल्या. महिनाभर त्या गुरांनी हा आवाज ऐकला नव्हता. चांदी हंबरली, मग भिंगरी, मग सगळ्या, आणि सगळा कळप धूळ उडवत धुऱ्याकडे धावत निघाला. गवतातून खोकल्यासारखा, पण छातीत घुमणारा एक आवाज आला. बाबा उभे राहिले होते, काठी डोक्यावर धरून, आणि इतक्या मोठ्याने ओरडत होते की त्यांचा आवाज अपेक्षाला ओळखू येईना. गवत फाटलं. तिला दिसली ती फक्त पाठ. वाटली होती त्यापेक्षा बुटकी, वाटली होती त्यापेक्षा खूप लांब, पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची. ती नाल्याच्या दिशेने गेली आणि गवत मिटलं.

घंट्या वाजवणं तिला थांबवता येईना. गुरं तिच्या दोन्ही बाजूंनी धडधडत गेली, धूळ नाकातोंडात गेली, तरी ती वाजवतच होती. बाबा मागे मागे पावलं टाकत, गवताकडे तोंड करून येत होते. शंभर पावलं ते तसेच उलटे चालले. धुऱ्याला लागल्यावर वळले आणि म्हणाले, "पुरे कर वं. हात दुखतीन."

आईने विळा फेकून दिला आणि तोंड सोडलं. "अक्कल गहान टाकली काय? म्हातारपनी वाघासंगं भजन करून राह्यले! मी तिकडं कापूस वेचतो अन् हे इकडं वाघाले गानी म्हनतेत!" एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अपेक्षाने विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"तीन हप्ते झाले." बाबांनी बंडीच्या बाहीने तोंड पुसलं. "घंट्या नव्हत्या, म्हनून पयले दोन-तीन दिवस कयलं नाही. मंग ध्यानात आलं, रवंथ थांबते. चघळनं थांबते. तीस वर्सं ढोरं राखली, तेवढं समजते मले."

"मग सांगितलं काहून नाही? तिथून ढोरं हलवली काहून नाही?"

बाबांनी काठी खाली टेकवली. "तू म्हनली ना, तिथंच बसवा. तिथं सुखात हायेत म्हनली. मी इचारलं तुले, यंत्र चुकत नाही का. तू म्हनली, मानूस चुकते. मले वाटलं, मायेच कान म्हातारे झाले असतीन. मंग येक दिवस त्याचं शेपूट दिसलं." त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. रानात असताना ते कधीच घेत नसत. "तवर तुया कागद पुन्याले गेला होता. साहेबाईनं तुले शाबासकी देली होती. आता बाप उठून म्हनीन काय, का माया लेकीचं शास्तर खोटं हाय? म्हटलं, महिनाच राह्यला. आपन मधात बसू. ढोरं सुटली अन् पयाली तर तो मांगं लागते. गाववाल्याईची ढोरं हायेत ती. बसल्या बसल्या आवाज करत राह्यलं, का त्याले समजते, इथं मानूस जागा हाय."

रोहित खाली मान घालून उभा होता. अपेक्षाला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? "भेव नाही लागलं?" तिने एवढंच विचारलं.

बाबा हसले. "ढोरक्याले कायचं भेव!"

चार वाजता वनविभागाची जीप आली. त्यांनी गवतात जाऊन पाहिलं. मोहापासून अकरा पावलांवर गवत दाबून बसल्याची जागा होती, आणि बाबा जिथे मांडी घालून बसत तिथपासून सात. वाघीण, ते म्हणाले. ठसे रोजचे आहेत. बाबांनी बसायची जागा रोज थोडी थोडी बदलली होती, आणि तिनेही.

दिवस मावळायच्या आधी घरच्या अंगणात अर्धं गाव जमलं. बाबा बाजेवर बसून सांगत होते आणि लोक तोंडात बोटं घालत होते. बाबा मधूनमधून थट्टाही करत होते, की वाघिणीला त्यांचं भजन आवडलं नाही, म्हणून ती जवळ आली नाही. भैयाजी पाटील म्हणाले, गिरिधरचं काळीज दगडाचं आहे बुवा. आई चुलीपाशी चहा करत होती आणि भांडी जरा जोरातच आपटत होती.

अपेक्षा ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्याला पत्र लिहायचं होतं, सारांश मागे घेते म्हणून. ते दोन ओळींत झालं. मग तिने पिशवीतून सातवं पाकीट काढलं. 'बाबा, गंमत'. स्वतःचंच अक्षर तिला वाचवेना. तिने कार्ड आत सरकवलं.

काल रविवार, तीनला चार कमी. एका बाजूला तिने भिंगरीच्या गळ्यातला आवाज लावला, दुसऱ्या बाजूला बाबांच्या छातीचे ठोके. कानात बाबा गात होते, संथ, एक सूर इकडचा तिकडे नाही. पडद्यावर रेघ सरळ वर चढली. एकशे अडतीस. एकशे बेचाळीस. एक्केचाळीस मिनिटं ती एकदाही एकशे तीसच्या खाली आली नव्हती. तिने आदला दिवस उघडला, त्याच्या आदला, त्याच्याही आदला. रोज तेच. सात पट्ट्यांपैकी एकाने भीतीला सरळ सरळ भीती म्हटलं होतं, आठवडाभर, रोज ठरल्या वेळी. ते पाकीट तिच्याच पिशवीत होतं.

ती उठून अंगणात गेली. बाबा आता उभे राहून भिंगरीच्या गळ्यात घंटी बांधत होते. बांधायच्या आधी त्यांनी ती स्वतःच्या गळ्याशी धरून हलवून पाहिली, तेव्हा लोक हसले आणि तेही हसले.

"बाबा," ती म्हणाली, "तो पट्टा काढा आता."

"राहू दे वं. महिना बाकी हाय अजून."

"नाही. झालं माझं काम."

तिने त्यांच्या बंडीच्या गुंड्या सोडल्या आणि पट्ट्याचा आकडा काढायला हात आत घातला. भैयाजी काहीतरी विचारत होते आणि बाबा तिच्या डोक्यावरून मान उंच करून हसत हसत उत्तर देत होते. वाघीण जाऊन अडीच तास झाले होते. अपेक्षाने तळवा त्यांच्या छातीवर टेकला आणि तिथेच राहू दिला. काळीज अजून धावत होतं.